ब्रेक लावलेला होता

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, पत्र्याची एक शेड होती. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊला ती उघडायची. आत चाकांच्या मोडक्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, सलाइन अडकवायचे वाकलेले स्टँड असं सगळं एकमेकांच्या अंगावर रेलून उभं असायचं, आणि त्यांच्यामध्ये तीन निवृत्त माणसं. तिघांच्या वयाची बेरीज सव्वादोनशेच्या आसपास जायची. लॅबवाले ती बेरीज अधूनमधून नव्याने करायचे आणि म्हणायचे, आपण तिघं मिळून एकच माणूस असतो तर आपल्याला संग्रहालयात काचेआड ठेवलं असतं.

लॅबवाले म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत जन्मभर काचेची भांडी सांभाळलेला माणूस. इथे ते कुबड्यांची रबरं बदलायचे आणि तोंड चालू ठेवायचे. शिवणबाई गणवेशांच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या. खुर्च्यांच्या फाटक्या बैठकी त्या अशा शिवायच्या, की माणूस फाटेल पण बैठक फाटणार नाही. तिसरे, ज्यांची ही गोष्ट, त्यांना सगळं इस्पितळ ब्रेककाका म्हणायचं. बसच्या डेपोत एकोणचाळीस वर्षं त्यांनी ब्रेकच्या कामावर काढली होती. साठ वर्षं पुरी झाली त्या तारखेला हातात कागद पडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण कुठे जायचं हे त्यांना कळेना. तीन-चार वर्षं त्यांनी घरातल्या दारांच्या बिजागऱ्या आवळण्यात घालवली. मग ही शेड सापडली. त्याला आता बारा वर्षं होत आली होती.

डेपोतली एक रीत त्यांनी इथे आणली होती. नट आवळून झाला की नटावरून खाली पट्टीपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट सैल पडून फिरला तर रेघ तुटते, आणि बघणाऱ्याला लांबूनच कळतं. प्रत्येकाचा रंग वेगळा. काकांचा पिवळा, लॅबवाल्यांचा निळा. शिवणबाईही कधीकधी पाना हातात घ्यायच्या, त्यांचा हिरवा. रेघ म्हणजे सही, असं काका सांगायचे. ती ओढली की पुढचा माणूस डोळे मिटून बसतो, म्हणून हात कापत असला तर ओढू नये.

त्यांचे हात कापत नव्हते, खोट तिथे नव्हतीच. नट किती आवळला हे काकांना बोटांच्या टोकांनी कळायचं. जन्मभर त्यांनी त्या टोकांवर भरवसा ठेवला होता, आणि गेल्या दोन वर्षांत साखरेच्या दुखण्याने तीच टोकं बधिर होत चालली होती. चहाचा कप किती गरम आहे ते आता ओठाला लागल्यावरच समजायचं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काकांनी सांगितलं, थोडं मुंग्या आल्यासारखं होतं. मनगटातला जोरही गेला होता. ते मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

घरी सांगण्यासारखी वेळही नव्हती. त्यांच्या मुलाला चोपन्नाव्या वर्षी कंपनीने गोड बोलून घरी बसवलं होतं. तो दिवसभर लॅपटॉप उघडून अर्ज पाठवायचा. सुनेला बँकेतून निवृत्त व्हायला चार वर्षं होती, पण तिने आत्तापासूनच संध्याकाळचे हिशेबाचे वर्ग धरले होते, पुढची सोय म्हणून. ती हसून म्हणायची, या घरात सगळं उलटंच आहे, म्हातारा डबा घेऊन कामाला जातो आणि तरणा दार उघडायला बसतो. मुलगाही हसायचा, पण जरा उशिराने. काकांच्या वडिलांच्या काळी हे सोपं होतं. माणूस काम करायचा, मग खुर्चीत बसायचा, आणि खुर्चीत बसल्यावर फार दिवस टिकायचा नाही. आता खुर्चीत बसल्यावर वीस-पंचवीस वर्षं पुढे पडलेली असतात. त्या वर्षांचं काय करायचं हे कुणी शिकवून ठेवलेलं नाही.

शेडची किल्ली इस्पितळाच्या स्टोअरकीपरकडे असायची. तो तरुण पोरगा भला होता. काकांनी एकदा गमतीने विचारलं होतं, मला किती वर्षांपर्यंत येऊ देणार? तो म्हणाला, "काका, तुम्हाला काढणार कोण? तुम्ही पगारावरच नाही." तेव्हा काकांना बरं वाटलं होतं.

इस्पितळात आणखी एक बाई अशाच बिनपगारी यायच्या. नोंदणी कचेरीतून निवृत्त झालेल्या. गुडघे कायमचे गेल्यामुळे त्या चाकांच्या खुर्चीवर असायच्या. आठवड्यातून तीन सकाळी त्या चौकशीच्या खिडकीत बसून, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज भरून द्यायच्या. त्यांना सगळे फॉर्मबाई म्हणायचे. त्यांच्या आठवणीची ख्याती होती. मागच्या वर्षी आलेल्या माणसाला त्या सांगायच्या, तुम्ही पत्ता बदललात वाटतं. एकट्या राहायच्या, दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर. खुर्ची स्वतः ढकलत यायच्या. कुणी मागून हात लावला तर म्हणायच्या, "बाळा, मी चालतेय, तू मला वाहू नकोस."

एका सोमवारी फॉर्मबाई बाहेरच्या उतारावरून वर येत होत्या. समोरून स्ट्रेचर आलं म्हणून त्या कडेला थांबल्या. स्ट्रेचर गेलं, आणि त्यांची खुर्ची मागे सरकू लागली. उताराच्या वळणावर ती कठड्याला आपटून उलटली. उजवं मनगट मोडलं, कमरेला मार बसला. धावत आलेल्या लोकांना ब्रेकचे दोन्ही दांडे वर दिसले. खुर्ची उलटताना ते वर उचलले गेले असतील असं कुणाच्या मनात आलं नाही. म्हातारी ब्रेक लावायला विसरली, हे पाच मिनिटांत ठरलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या इस्पितळाला ठाऊक झालं.

दुसऱ्या शहरातून फॉर्मबाईंचा मुलगा आला. त्याचंही चुकलं म्हणता येणार नाही. आज ब्रेक विसरली, उद्या गॅस विसरेल, असं तो म्हणाला. त्याने आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात जागा बघितली. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी तो आईला घेऊन जाणार होता, आणि तिचं घर बंद करणार होता. मेट्रनबाईंनीही हळूच सांगितलं, की खिडकीवर आता दुसरं कुणीतरी बसवू.

फॉर्मबाईंचीच खुर्ची शुक्रवारी शेडमध्ये आली, पाय ठेवायची पट्टी वाकली म्हणून. शिवणबाई त्या वेळी सुट्टीवर होत्या. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. लॅबवाले कोपऱ्यात कुणाला तरी फोनवर वॉकरचं माप विचारत होते. काकांनी खुर्ची आडवी केली आणि डाव्या ब्रेककडे त्यांची नजर गेली.

ब्रेकची पट्टी खुर्चीच्या नळीला दोन नटांनी आवळलेली असते. ती जागची हलली तर दांडा खाली दाबला तरी ब्रेक चाकाला टेकत नाही, आणि दुसऱ्या बाजूच्या एकट्या ब्रेकवर खुर्ची उतारावर तरत नाही. इथे ती हलली होती. नळीवर बोटभर लांब ओरखडा होता. दोन्ही नटांवरच्या पिवळ्या रेघा तुटल्या होत्या, आणि दोन टोकांमध्ये नखाएवढं अंतर पडलं होतं.

ही खुर्ची त्यांनीच दुरुस्त केली होती. अपघाताच्या आधीच्या मंगळवारी.

काकांनी कोपऱ्यातल्या लॅबवाल्यांकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी पट्टी जागेवर सरकवली, नट आवळले, फडक्यावर थिनर घेऊन जुनी पिवळी रेघ पुसली आणि ब्रश बुडवून नवी ओढली. लॅबवाल्यांनी फोन ठेवून विचारलं, काय झालं होतं खुर्चीला? काका म्हणाले, पट्टी वाकली होती. त्यांना वाटलं होतं आपल्या तोंडून हे निघणार नाही, पण ते किती सहज निघालं. ओरखड्यावर त्यांनी काळा रंगही लावला.

त्या रात्री त्यांना झोप लागली. हेच त्यांना पुढे सगळ्यात जास्त लागलं.

मंगळवारी शिवणबाई परत आल्या. लॅबवाल्यांनी त्यांना अपघाताची सगळी कहाणी तिखटमीठ लावून सांगितली. त्या ऐकत राहिल्या, मध्ये एकदाही हसल्या नाहीत. लॅबवाले रबरं आणायला स्टोअरमध्ये गेले तेव्हा त्यांनी सुई खाली ठेवली आणि काकांना विचारलं, ती खुर्ची आधी कधी आली होती? काकांनी तारीख सांगितली. बाई म्हणाल्या, "म्हणजे मी नव्हते तेव्हा."

मग त्यांनी सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी एका खुर्चीची बैठक शिवून बसवताना काकांनी आवळलेला नट त्यांच्या हाताला सैल लागला. त्यांनी आवळला. पुढच्या वेळी दुसरा. तेव्हापासून काका पाचला निघून गेले, की त्या मागे थांबायच्या आणि पिवळ्या रेघेच्या प्रत्येक खुर्चीवर पुन्हा पाना फिरवायच्या. रेघ तुटली की काकांच्याच डब्यातला पिवळा रंग घेऊन नवी ओढायच्या. काकांना आठवलं, पिवळा डबा लवकर संपतो म्हणून त्यांनी लॅबवाल्यांवर आळ घेतला होता आणि लॅबवाले दोन दिवस रुसले होते.

काकांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्यांनी विचारलं, "मला लहान पोर समजलात का तुम्ही?"

"नाही दादा," बाई म्हणाल्या. "पोराला मी तोंडावर सांगितलं असतं. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून पाप माझंही आहे. डोळ्याच्या सुट्टीवर जाताना तरी बोलायला हवं होतं. मनात होतं, जमलं नाही."

काका बाहेर जाऊन धुण्याच्या खोलीच्या भिंतीला टेकून उभे राहिले. आतून वाफेचा आणि साबणाचा वास येत होता. बाई बाहेर आल्या नाहीत, हे त्यांनी बरंच केलं. काकांना आधी राग आला, मग लाज, आणि या दोन्हींच्या खालून एक साधी गोष्ट वर आली. फॉर्मबाईंनी ब्रेक लावला होता. हे जगात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याने ते थिनरने पुसून टाकलं होतं.

आत येऊन त्यांनी आधी कामाचं बोलून घेतलं. बाईंच्या सुट्टीत आपल्या हाताखालून किती खुर्च्या बाहेर गेल्या ते स्टोअरकीपरच्या वहीत बघितलं. फॉर्मबाईंची सोडून चार होत्या. तीन वॉर्डांत आणि एक जवळच्याच घरात. लॅबवाले आणि शिवणबाई दोघं पाने घेऊन निघाले. काका बरोबर गेले, पण पाना त्यांनी हातात घेतला नाही. तीन खुर्च्या ठीक निघाल्या. चौथी, त्या घरातली, सैल होती. तिच्यावर बसणारे आजोबा म्हणाले, हो, जरा डुगडुगते, पण आमचंच वजन वाढलं असेल असं वाटलं. लॅबवाल्यांना तोवर सगळं कळलं होतं. परतीच्या वाटेवर त्यांनी एकही विनोद केला नाही.

बुधवारी सकाळी काका एकटेच वॉर्डात गेले. फॉर्मबाई उशीला टेकून बसल्या होत्या, उजवा हात प्लॅस्टरमध्ये. मुलगा पलंगाखालची पिशवी भरत होता. दुरुस्त झालेली खुर्ची भिंतीशी उभी होती. काकांना बघून बाई हसल्या, पण ते हसू नेहमीचं नव्हतं. समोरच्याने आपल्याकडे कसं पाहिलं, हे तपासत हसल्यासारखं होतं. म्हणाल्या, या, तुमच्या खुर्चीची मी वाट लावली.

काकांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. खुर्चीचा नट मीच आवळला होता, तो सैल होता, पट्टी सरकली, तुम्ही ब्रेक लावला होता.

बाई काही बोलायच्या आत मुलगा उठला. त्याने काकांचा हात धरला, अगदी आदराने. म्हणाला, "काका, तुम्ही मोठ्या मनाचे आहात. आईला बरं वाटावं म्हणून सांगताय, कळतं मला. पण मी कालच खुर्ची नीट बघितली. नट जागच्या जागी आहेत, वर रेघसुद्धा सलग आहे."

ती रेघ नवी आहे, मीच ओढली, असं काका म्हणाले. मुलाने मान डोलावली. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं मोडू नये म्हणून डोलावतात तशी. काकांच्या लक्षात आलं, की हा आता आपल्यालाही आईच्याच पंगतीत बसवतोय. त्यांनी फॉर्मबाईंकडे पाहिलं. त्या चादरीचं टोक डाव्या हाताने घडी घालत होत्या आणि उलगडत होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मला दांडा दाबल्याचं आठवत होतं. पण इतकी माणसं सांगतात म्हटल्यावर, नसेल दाबला."

काकांनी खिशातून पाना काढला. खुर्ची ओढून पलंगाजवळ आणली आणि तिच्यासमोर खाली बसले. बसायलाही त्यांना पलंगाचा आधार घ्यावा लागला. मुलाला म्हणाले, इकडे ये, बघ. डाव्या ब्रेकचा एक नट त्यांनी पार सैल केला. मग दोन्ही हातांनी पाना धरून, दात आवळून, अंगात होता तेवढा सगळा जोर लावून आवळला. कपाळावर घाम आला. हाताला नट घट्ट लागला, अगदी डेपोत लागायचा तसा. शेजारच्या पलंगावरची बाईही उठून बघू लागली.

"आता तू सोडव," काका म्हणाले. "पाना नको. बोटांनी."

मुलाने दोन बोटं लावली. नट फिरला.

काका म्हणाले, पुन्हा. त्यांनी पुन्हा आवळला, पहिल्यापेक्षा जास्त वेळ घेऊन. मुलाने पुन्हा फिरवला. तिसऱ्या वेळी त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. म्हणाला, राहू द्या काका, कळलं. पण काकांनी त्याला करायला लावलंच. नट तिसऱ्यांदाही फिरला.

"चाळीस वर्षं या हातांनी बसगाड्या थांबवल्या," काका म्हणाले. "आता यांना काही कळत नाही, आणि मला हे माहीत होतं. तुझ्या आईचं डोकं शाबूत आहे."

मुलगा पलंगाच्या कडेवर बसला. फॉर्मबाईंनी चादर सोडली. काकांना वाटलं होतं त्या रडतील, किंवा म्हणतील की जाऊ द्या, होतं असं. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही.

"नऊ दिवस," त्या म्हणाल्या. "नऊ दिवस मी रोज सकाळी डोळे उघडून घरातल्या वस्तू मनात मोजत होते. कपाटात काय, कुठल्या डब्यात काय. काही निसटलंय का बघायला. ते तुम्हाला शुक्रवारीच माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही रंग लावून घरी गेलात."

"हो," काका म्हणाले. माफी मागायची म्हणून ते वाक्य जुळवून आले होते, पण ते आता फार लहान वाटलं.

बाई मुलाला म्हणाल्या, माझ्या पिशवीतली वही काढ, पेन दे. मुलाने ती आईपुढे धरली. त्यांनी प्लॅस्टरकडे पाहिलं आणि मान हलवली. "मला नको. यांना दे. तोंडी कबुली मेट्रनबाई चहाबरोबर पिऊन टाकतील. कागद लागतो."

काका स्टुलावर बसले. सहा वर्षं ज्या बाईंनी अडाणी माणसांचे अर्ज लिहून दिले, त्यांचा अर्ज आता काकांना लिहायचा होता, आणि काकांचं अक्षर म्हणजे जेमतेम. पेन बोटांना लागत नव्हतं. ते निसटू नये म्हणून त्यांनी त्याच्याकडे बघत बघत धरलं. बाई सांगत गेल्या, एकेक शब्द थांबून, खिडकीतून सांगायच्या तशा. अमुक तारखेला बाहेरच्या उतारावर अपघात झाला. खुर्चीवरील व्यक्तीने दोन्ही ब्रेक लावलेले होते. डाव्या ब्रेकचे नट सैल असल्यामुळे तो लागला नाही. तिथे त्या थांबल्या.

"माझं एवढंच," त्या म्हणाल्या. "तुमचं लिहायचं की नाही, ते तुमच्यावर."

काकांना माहीत होतं, एवढ्यावर सही केली तरी बाईंचं काम होतं. नट सैल होते. कुणी सैल ठेवले हे कागदावर नव्हतं. स्टोअरकीपर काही विचारणार नव्हता. शुक्रवारी सकाळी नऊला शेड उघडली असती, शिवणबाई मागे थांबल्या असत्या. साठाव्या वर्षी कागद दुसऱ्याने काढला होता, त्यात त्यांना फक्त हात पुढे करायचा होता.

त्यांनी पेन पुन्हा टेकवलं आणि बारीक अक्षरात, दोनदा थांबून, लिहिलं. नट मी आवळले होते. माझ्या बोटांना आता घट्ट-सैल कळत नाही. यापुढे माझ्याकडे नट आवळण्याचं कोणतंही काम देऊ नये. खाली सही केली. ओळ तिरकी गेली होती, पण वाचता येत होती.

त्यांनी वही बाईंपुढे धरली. बाईंनी ती सावकाश वाचली, शेवटची तीन वाक्यं दोनदा. मुलगा त्यांच्या खांद्यावरून वाचत होता. त्याने वाचून झाल्यावर भरलेली पिशवी पायाने पलंगाखाली सरकवली. शनिवारचं काय, हे त्याने बोलून दाखवलं नाही, आणि त्याच्या आईनेही विचारलं नाही. ते आता त्यांचं त्यांनी बघायचं होतं.

"तारीख राहिली," फॉर्मबाई म्हणाल्या. "तारखेशिवाय कागद कुणी घेत नाही."

काकांनी वही परत घेतली. पेन धरलं आणि तसेच थांबले. दोन दिवसांचा सगळा गोंधळ डोक्यात होता. त्यांना आजची तारीख आठवेना.

"बावीस," बाईंनी सांगितलं. त्यांच्यासमोरच्या भिंतीवर कॅलेंडर नव्हतं. "बुधवार."

मुलाने मोबाइलकडे नजर टाकली आणि तो खिशात ठेवून दिला. काकांनी बावीस लिहिलं.